जिबमीमांसा

लेथच्या क्रॉस स्लाइडच्या पोटात, डोव्हटेलच्या तिरक्या कुशीला लागून, बोटभर रुंदीची एक पट्टी अंग चोरून बसलेली असते. तिचे नाव जिब. चकच्या आकाराचे कौतुक होते, टूलची धार नखावर घासून पाहिली जाते, मोटरच्या अश्वशक्तीवर मालक मंडळी चहाच्या वेळी बढाया मारतात. जिबची आठवण मात्र जॉब बिघडल्यावरच निघते, आणि तीही शिवीसकट. ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांवर आणि पेशवाई पगडीच्या कंगोऱ्यांवर आयुष्ये वेचणाऱ्या आपल्या विद्वानांना या पट्टीकडे वळायला सवड झालेली दिसत नाही. ती उणीव भरून काढण्याचा हा प्रयत्न आहे. उणीव भरून काढणे हेच जिबचेही काम असल्यामुळे विषय आणि विवेचन यांत पहिल्या परिच्छेदापासूनच एकवाक्यता साधली आहे, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आलेच असेल.

अभ्यासक्षेत्र म्हणून कोलकाता निवडले. परंतु कोलकात्याचे लोखंड हुगळीच्या पलीकडे नांदते, त्यामुळे संशोधकाला पूल ओलांडून हावड्यात उतरावे लागते. हा पूल १९४३ साली वाहतुकीला खुला झाला, आणि तो सगळा रिव्हेट ठोकून उभा केलेला आहे. त्यात नट-बोल्ट नाहीत. रिव्हेट म्हणजे वादाचा निकाल. तो एकदा बसला की पुढच्या पिढीला आवळायला काही शिल्लक राहत नाही. पूल उतरून टिकियापाडा, बेलिलियस रोड, कदमतला, दासनगर असे फिरू लागले की याच्या नेमके उलट जग सुरू होते. खोलीभर गाळा, त्यात दोन लेथ, एक ड्रिल, भिंतीवर कॅलेंडरातली काली, आणि जिकडे पाहावे तिकडे आवळता येण्याजोगे आणि सैल करता येण्याजोगे स्क्रू. लेथ राजकोटचा असेल, बटाल्याचा असेल, हावड्यातच ओतलेला असेल, किंवा नशीब बलवत्तर असेल तर हरिहरचा, म्हैसूर किर्लोस्करचा असेल. हरिहरचा कारखाना १९४१ सालचा. लेथवर देवनागरी अक्षर नसतानाही मराठी माणसाची मान तिथे उगाच ताठ होते. जिबला मात्र मातृभाषा नसते. ती सगळ्या प्रांतांत सारखीच सैल होते.

मीमांसकांच्या अधिकरणाला पाच अंगे असतात: विषय, संशय, पूर्वपक्ष, सिद्धान्त आणि संगती. प्रस्तुत लेखकही तीच वाट धरणार आहे. मात्र संगतीसाठी वाचकाने आपापल्या वर्कशॉपमध्ये जावे.

विषय असा. टूल हातात धरून कातण्याचे दिवस हेन्री मॉड्स्ले या इंग्रज कारागिराने १८०० च्या आसपास संपवत आणले. त्याने टूलला स्लाइडवर बसवले आणि स्लाइडला स्क्रूच्या ताब्यात दिले. (योगायोग असा की कोलकात्याच्या काशीपूरला कंपनी सरकारचा तोफगाड्यांचा कारखाना १८०१ साली निघाला. लोखंड नीट सरकवण्याची निकड तेव्हा दोन्ही खंडांत एकदमच भासू लागली होती.) आता स्लाइड सरकायची म्हणजे तिच्या दोन अंगांमध्ये फट हवी. फट नसेल तर ती सरकत नाही, आणि फट जास्त असेल तर तिला न विचारता सरकते. फट हवी तेवढीच राखायची म्हणून मध्ये जिब. सरळ जिब असेल तर तिला बाहेरून तीन-चार स्क्रू ढकलतात आणि प्रत्येक स्क्रूवर एक चेकनट पहारा करतो. तिरकी, म्हणजे एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ अशी जिब असेल तर दोन्ही टोकांना एकेक स्क्रू असतो आणि पट्टी पाचरीसारखी आत-बाहेर होते. पहिली स्वस्त आणि तक्रारखोर, दुसरी महाग आणि समजूतदार. बेलिलियस रोडवर पहिलीचीच गर्दी आहे.

संशय एकच: किती आवळावी?

यावर घट्टवाद्यांचा पूर्वपक्ष असा की फट म्हणजे पाप. दिसला स्क्रू की आवळ. यांच्या लेथचे हँडल फिरवायला दोन हात लागतात, आणि या कष्टालाच ते अचूकपणा समजतात. प्रत्यक्षात अति आवळलेली स्लाइड तेल पिळून बाहेर काढते आणि चिकटून बसते. हँडल फिरत राहते, स्क्रू ताणला जातो, स्लाइड ढिम्म. आणि मग एकाएकी उडी मारून पुढे जाते. दोन शतांश मिलिमीटर मागितले की पाच मिळतात. औदार्य म्हणून हे कौतुकास्पद असले तरी बेअरिंगच्या बैठकीला ते मानवत नाही. शिवाय या ओढाताणीत स्क्रू आणि नट लवकर झिजतात, ते वेगळेच.

ढिलेवादी परंपराप्रिय असतात. इतकी वर्षे चालले आहे ना, मग आजच काय झाले, हे त्यांचे प्रमुख प्रमाण. ते स्वतः कुशल असतात, हे मान्य केले पाहिजे. आपली स्लाइड कुठे डुलते, कोणत्या बाजूला कलते, कोणत्या कटाला रुसते हे त्यांच्या मनगटाला पाठ असते, आणि ते यंत्राच्या दोषाला आपल्या गुणाने पुरे पडतात. त्यांचे पितळ पार्टिंगच्या वेळी उघडे पडते. पार्टिंगचे पाते जॉबच्या पोटात निम्मे शिरले की सैल स्लाइड थरथरू लागते, पाते आत ओढले जाते, जॉब त्याच्यावर चढतो आणि ‘टण्’ असा आवाज होतो. या आवाजानंतर वर्कशॉपमध्ये जी शांतता पसरते तिला ढिलेवादी ‘पाते खराब होते’ असे नाव देतात.

दोन्ही पक्षांत एक समाईक दोष आहे. फट म्हणजे काहीच नाही असे दोघेही धरून चालतात. पहिला ते काहीच-नाही नष्ट करू पाहतो, दुसरा त्याच्याकडे काणाडोळा करतो. इथे मदतीला धावून येते ते नवद्वीप. हावड्याहून रेल्वेने शंभरेक किलोमीटरवर, याच नदीच्या याच काठावर हे गाव आहे, आणि नव्यन्यायाचे ते शतकानुशतके माहेरघर होते. नैयायिकांनी अभावाला पदार्थ मानले. जमिनीवर घट नाही, तर ते ‘घट नसणे’ हीच एक गोष्ट आहे. ती दिसते, तिच्याविषयी बोलता येते, तिचे प्रकार पाडता येतात. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात ते चार प्रकार दिलेले आहेत. आठल्ये-बोडसांनी संपादलेली त्याची आवृत्ती मुंबई संस्कृत मालेत निघाली तेव्हा ती अनेक मराठी विद्यार्थ्यांच्या मानगुटीवर बसली असणार. त्यातल्या एकाही विद्यार्थ्याच्या लक्षात आले नसेल की आपण लेथच्या देखभालीचे पुस्तक पाठ करत आहोत.

प्रागभाव म्हणजे वस्तू उत्पन्न होण्यापूर्वीचा तिचा अभाव. तो अनादि, पण वस्तू आली की संपणारा. कारखान्याने जिबसाठी मुळातच सोडलेली जागा हा जिबचा प्रागभाव. पट्टी सरकवली की तो संपतो. प्रध्वंसाभाव याच्या उलट, म्हणजे वस्तू नष्ट झाल्यानंतरचा अभाव. त्याला सुरुवात आहे, शेवट नाही. झिजलेले बीड या सदरात मोडते. स्लाइडचा जो थर घासून गेला तो कोणत्याही स्क्रूने परत येत नाही, ही गोष्ट घट्टवाद्यांनी कोरून ठेवावी. अत्यंताभाव तिन्ही काळांत असतो, म्हणजे पूर्वी नव्हते, आता नाही, पुढेही नसेल. याचे उदाहरण शोधायला लांब जायला नको. कोणत्याही लेथच्या तेलाच्या कुपीचे झाकण उघडून आत पाहावे. चौथा अन्योन्याभाव म्हणजे ‘हे ते नव्हे’ हा भेद, आणि वर्कशॉपमधले निम्मे घोटाळे या एका प्रकाराच्या अज्ञानातून होतात.

कारण जिबची फट आणि स्क्रूची फट या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. हँडल उलट दिशेला फिरवले की थोडा वेळ ते नुसतेच फिरते, डायलवरचे आकडे पळतात आणि स्लाइड जागची हलत नाही. हा रिकामा फेरा स्क्रू आणि त्याचा नट यांच्या आट्यांमधला. तो जिब आवळून जात नाही. जिब खूप आवळली तर स्लाइड जड होते आणि कटाच्या झटक्याने आपणहून सरकत नाही, म्हणून तो गेल्यासारखा वाटतो. चोर सोडून संन्याशाला सुळी देणे ते हेच. रिकाम्या फेऱ्यावर खरा उपाय नटाचा आहे. नट दोन भागांचा असेल तर त्याचे भाग एकमेकांपासून किंचित ताणावेत, नसेल तर नवा पितळी नट करून घ्यावा. आणि तोवर टूल नेहमी एकाच बाजूने पुढे न्यावे. आकडा ओलांडला गेला तर नुसते तेवढेच मागे येऊ नये. चांगला अर्धा फेरा मागे जाऊन पुन्हा पुढे यावे. माफी मागताना चार पावले मागे जाऊन मग सरळ समोर येणाऱ्या माणसाचा हा शिष्टाचार यंत्रालाही लागू पडतो.

निदान साधे आहे. टूलपोस्टला डायल गेज टेकवा आणि हातानेच टूलपोस्ट स्लाइडच्या वाटेला आडवा ढकला, ओढा, पिळा. काटा हलला तर जिब दोषी. काटा स्थिर, पण हँडल उगाच फिरते, तर नट दोषी. दोन्ही होत असेल तर यंत्र जुने आहे आणि मालक ते विकायच्या विचारात आहे.

इथे एक विषयांतर क्षम्य ठरावे. कोलकात्याच्या इतिहासात मराठी माणसाच्या नावावर जी पहिली ठळक खूण आहे तीही एक फटच होती. बर्गींच्या म्हणजे भोसल्यांच्या स्वारांच्या धास्तीने १७४२ मध्ये इंग्रजांच्या वस्तीभोवती खंदक खणायला घेतला. बेत सात मैलांचा होता. तीनेक मैल खणून झाल्यावर लक्षात आले की मराठे शहरापर्यंत येत नाहीत, आणि काम तसेच सोडले गेले. पुढे १७९९ मध्ये त्याचा बराच भाग बुजवून सर्क्युलर रोड केला. नवद्वीपच्या परिभाषेत मांडायचे तर मराठ्यांच्या अत्यंताभावासाठी जमिनीचा प्रध्वंसाभाव निर्माण केला गेला, आणि ज्याला अडवायचे तो आलाच नाही म्हणून तो अभावही अर्धवट राहिला. मराठी संशोधकाने हावड्यात फटीवर प्रबंध लिहावा यात काही औचित्य आहे, एवढेच सुचवून पुढे जातो.

प्रश्न असा निघतो की जिब आवळली म्हणजे नेमके काय केले? फटीचा अभाव केला. मग फटीचा अभाव म्हणजे मूळचे लोखंडच झाले का? नैयायिकांत यावर जुना वाद आहे. अनेकांच्या मते अभावाचा अभाव म्हणजे मूळ वस्तूच: ‘घट नसणे’ नसले की घट असतो. सोळाव्या शतकात नवद्वीपच्या रघुनाथ शिरोमणींनी हे नाकारले. अभावाचा अभाव ही स्वतंत्र गोष्ट आहे, तिला मूळ वस्तू समजू नये, असे त्यांचे म्हणणे. लेथवर शिरोमणींचाच पक्ष खरा ठरतो. स्लाइड सर्वत्र सारखी झिजत नाही. जॉब बहुतेक एकाच मापाचे येतात, त्यामुळे क्रॉस स्लाइडचा मधला पट्टा सर्वांत जास्त घासतो आणि टोके जवळजवळ नवी राहतात. सॅडल चकजवळ बेड खाते आणि टेलस्टॉककडे जायचा कंटाळा करते. मध्यावर जिब बेताची आवळली की टोकाला स्लाइड अडकते. फट गेली, पण लोखंड परत आले नाही. हे ज्याला समजले त्याला नव्यन्यायही समजला आणि लेथही. बाकीच्यांना दोन्ही अवघड जातात.

आता सिद्धान्त. तो सांगायला सोपा आहे, म्हणूनच कुणी पाळत नाही.

आधी स्लाइड काढून पुसावी. रॉकेलने जुने तेल धुवावे. पुसायला कॉटन वेस्ट वापरू नये, त्याचे तंतू मागे राहतात. जुन्या सुती बनियनचा तुकडा उत्तम. जिबला कुठे चीर किंवा उभारलेली कड असेल तर ती बारीक दगडावर घासून मोडावी. मग हलके तेल लावून सगळे परत बसवावे आणि स्लाइड तिच्या सर्वांत घट्ट जागी, म्हणजे टोकाकडे न्यावी. जुळणी तिथे करायची. मध्यावरच जुळणी करण्याचा मोह टाळणे जरा जड जाते, कारण रोजचे काम तिथेच चालते. सरळ जिब असेल तर सगळे चेकनट सैल करून स्क्रू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत थोडे थोडे, आळीपाळीने, जिबला टेकेपर्यंत आणावेत. एकच स्क्रू जोरात दाबला तर पट्टी वाकते आणि स्लाइड एका बिंदूवर तोलली जाते. मग हँडल फिरवून पाहावे. हाताला सगळीकडे एकसारखे, रेशमी म्हणावे असे किंचित जडपण लागले पाहिजे. ज्यांना आकडा हवा त्यांच्यासाठी: डायल गेजचा काटा एक-दोन शतांश मिलिमीटरपेक्षा जास्त हलू नये.

सगळे नीट जमले, की चेकनट आवळावा, आणि सगळे बिघडवून टाकावे. कारण चेकनट आवळताना तो स्क्रूलाही सोबत फिरवतो. एका हाताने ॲलन की किंवा स्क्रूड्रायव्हर धरून स्क्रू जागीच रोखावा लागतो आणि दुसऱ्या हाताने पाना. हे करताना तिसरा हात असावा असे प्रत्येक टर्नरला वाटते. दुर्गेला दहा हात देणाऱ्या प्रांतात ही मागणी अवाजवी नाही. चेकनट आवळल्यावर पुन्हा तपासावे. बहुधा पुन्हा करावे लागते. तिरक्या जिबचे तसे नाही: आधी पातळ टोकाकडचा स्क्रू सैल, मग जाड टोकाकडून ढकल, मग पातळ टोकाचा स्क्रू पुन्हा टेकव. विसरला आणि दोन्हीकडून दाबले तर पट्टी कमानीसारखी वाकते आणि दोष हवामानाला दिला जातो.

हवामानाविषयी एक गैरसमज दूर करावा. बैशाखात स्लाइड घट्ट होते असे हावड्यात ऐकू येते. स्लाइड, तिची बैठक आणि बहुतेक वेळा जिबही एकाच जातीच्या बिडाची. तापली तर सगळी मिळून फुगतात, एकमेकांना जाच करत नाहीत. घट्ट होते ती तेल वाळून गोंद झाल्यामुळे. पावसाळा मात्र खरोखर शत्रू आहे. ओली हवा, त्यात घामट हात. संध्याकाळी उघड्या राहिलेल्या बेडवर सकाळी बोटांचे लालसर ठसे उमटलेले असतात. गुन्हेगार शोधण्यासाठी पोलिसांना यापेक्षा चांगला कागद मिळणार नाही.

जिथे जिबचा उपाय संपतो तिथे स्क्रेपिंग सुरू होते. निळा रंग सपाट पाटीवर पुसट लावायचा, स्लाइड त्यावर घासायची, जिथे रंग लागला तो उंचवटा समजून खरवडायचा, आणि हे दुपार संपेपर्यंत करायचे. मूळ सपाट पाटी कशी मिळवावी याची युक्ती जोसेफ व्हिटवर्थने १८४० मध्ये ग्लासगोला विद्वानांपुढे वाचली: तीन पाट्या घेऊन त्या आलटून पालटून एकमेकींशी जुळवायच्या. दोन पाट्या एकमेकींशी बेमालूम जुळूनही दोघी वाकड्या असू शकतात, एक फुगीर आणि एक खोलगट. तिसरी आली की हे संगनमत मोडते. भागीदारीच्या धंद्यात हिशेबनीस का ठेवतात याचा खुलासाही इथे होऊन जातो.

देखभालीचा मोठा शत्रू खुद्द हावड्याचाच माल आहे. या गावाच्या फाउंड्र्यांमधून ओतलेली मॅनहोलची झाकणे समुद्रापार अमेरिकेत जातात. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर ‘मेड इन इंडिया’ अशी अक्षरे पायाखाली येतात ती बऱ्याचदा इथलीच. बीड कातताना कोरडेच कातावे लागते, आणि त्याचा काळा, पिठाळ भुसा सगळीकडे बसतो. हा भुसा तेलात कालवला की घासायची उत्तम लुगदी तयार होते. म्हणून आधी पुसा, मग तेल द्या. उलट क्रम म्हणजे स्वतःच्या हाताने यंत्राला झिजवणे. सॅडलच्या टोकांना नमद्याचे पुसक असतात, ते काळे कुळकुळीत झाले की धुवावेत, कडक झाले की बदलावेत. तेल स्लाइडवेचे, अडुसष्ट ग्रेडचे असावे. टॅक्सीतून काढलेले जळके इंजिन ऑइल वापरणाऱ्या गाळ्यांचा उल्लेख करण्याचे प्रस्तुत लेखक टाळतो. बीड कातायचे असेल त्या दिवशी बेडवर जुना कागद अंथरावा आणि काम संपल्यावर तो भुशासकट घडी करून उचलावा. मातीच्या भांड्यातला चहा आणि पान यांना लेथपासून हातभर लांब ठेवावे. हावडा पुलाच्या खांबांच्या तळाशी बसवलेली पोलादी आवरणे लोकांच्या पानाच्या पिचकाऱ्यांनी इतकी खाल्ली गेली की शेवटी त्यांवर फायबरग्लास बसवावे लागले. रिव्हेट न सुटणाऱ्या पुलाची ही अवस्था, तर बिचारी जिब ती किती टिकाव धरणार!

वार्षिक साफसफाईचा मुहूर्त सतरा सप्टेंबरला, विश्वकर्मा पूजेला. वंगदेशात हा सण सूर्याच्या पंचांगाने येतो, म्हणून इंग्रजी तारखेला बहुधा चुकत नाही. यंत्रे पुसली जातात, रंगवली जातात, हत्तीवर बसलेल्या देवापुढे मालक आणि कामगार एकाच चटईवर बसतात, आणि दुपारभर गच्च्यांवरून पतंग उडतात. त्या दिवशी लेथ चालवायचा नाही, असा दंडक. मराठी मालक असेल तर त्याला खंडेनवमीलाही हत्यारांना झेंडूची फुले वाहायची असतात. चांद्र पंचांग आणि सौर पंचांग यांच्या मतभेदामुळे अशा लेथच्या स्लाइड्स सप्टेंबर-ऑक्टोबरात दोनदा पुसल्या जातात, आणि पुढच्या वर्षापर्यंत एकदाही नाही. पूजेच्या दिवशी डायलला लागलेले कुंकू मात्र नोव्हेंबरात आकडे वाचताना फार छळते.

उरला कंपाउंड. क्रॉस स्लाइडवर बसवलेली ही छोटी, तिरपी फिरवता येणारी स्लाइड. तिचा एक सुंदर उपयोग आहे: ती बेडशी पाच अंश चव्वेचाळीस मिनिटांच्या कोनात लावली की तिच्या डायलवरचा एक दशांश मिलिमीटर टूलला फक्त एक शतांशच आत ढकलतो. शाळेतली त्रिकोणमिती आयुष्यात पहिल्यांदाच पगार मिळवून देते, तो हा क्षण. पण स्लाइडवर स्लाइड म्हणजे फटीवर फट, आणि जड कटाला पहिली शरणागती कंपाउंडचीच असते. म्हणून हावड्यात, आणि खरे तर सगळीकडेच, एक संन्यासमार्ग रूढ झाला आहे. कंपाउंडची जिब कायमची गच्च आवळून टाकायची, हलूच द्यायची नाही. यंत्र दणकट होते, पार्टिंग गोड चालते, आणि टर्नर कंपाउंड आहे हेच विसरून जातो. मग वर्षा-दीड वर्षाने कुणीतरी तिरप्या बैठकीचा वाफेचा व्हॉल्व्ह घेऊन येतो आणि म्हणतो, दादा, आजच हवा. जिबचे स्क्रू गंजून बसलेले असतात, चेकनटाचे कोपरे गोल झालेले असतात, आणि सगळ्यांचे डोळे एकाच दिशेला, कोपऱ्यातल्या हातोड्याकडे वळतात. तो हातोडा निदान तांब्याचा असावा, एवढेच शास्त्राला सांगता येते.